परतीची गाडी

बाबा पहिल्यांदा चिपळूणहून माझ्याकडे इंग्लंडला आले, तेव्हा त्यांच्या शर्टाच्या खिशात माझ्या वैमानिक परवान्याची झेरॉक्स होती. लॅमिनेशन केलेली. मी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो त्यांनी स्टँडसमोरच्या दुकानातून छापून घेतला होता. "डेपोतल्या पोरांना दाखवायला," म्हणाले.

बाबांनी तेहतीस वर्षं एसटी चालवली. त्यातली बरीचशी चिपळूण-कराड, म्हणजे कुंभार्ली घाट. त्यापुढे माझा परवाना म्हणजे पोरखेळ. खासगी वैमानिक, म्हणजे हौशी. किमान ४५ तासांचं उड्डाण, नऊ लेखी परीक्षा आणि शेवटी शेजारी परीक्षक बसवून एक प्रत्यक्ष परीक्षा. भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. क्लबाचं चार सीटचं सेस्ना १७२ तासाच्या भाड्यानं घ्यायचं, दुसऱ्या कुठल्या तरी मैदानावर उतरून चहा प्यायचा आणि परत यायचं. एवढीच मजा.

"मग मला कुठं नेणार, बाय?" बाबांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"फ्रान्सला. जेवायला."

"मुक्कामी की परतीची?"

एसटीच्या भाषेत मुक्कामी गाडी म्हणजे संध्याकाळी शेवटच्या गावात जाऊन रात्री तिथंच थांबणारी. "परतीची," मी म्हटलं. "सकाळी जाऊन संध्याकाळी घरी."

हे म्हणताना मी फक्त नकाशा पाहिला होता. पासपोर्ट पाहिले नव्हते.

दक्षिण इंग्लंडमधल्या हौशी वैमानिकांना हे एक खूळ असतंच. परवाना हातात आला की वर्ष-दोन वर्षांत इंग्लिश चॅनेल ओलांडायचं. बहुतेकांचं पहिलं ठिकाण ठरलेलं असतं : ल तुके. फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं सुट्टीचं गाव. विमानतळावर उतरायचं, पासपोर्ट तपासून घ्यायचे, भाड्याची सायकल काढायची, पाइनच्या झाडांमधून गावात जायचं, माशांचं सूप प्यायचं आणि परत. १९४८ साली तर इथं मोटारगाड्या विमानात घालून आणायला सुरुवात झाली होती. केंटमधून निघालेलं बोजड विमान, त्याचं नाकाड दारासारखं उघडायचं आणि त्यातून गाडी थेट फ्रान्सच्या रस्त्यावर.

मला मात्र ल तुकेपेक्षा त्याच्या उत्तरेचं एक छोटं गाव बघायचं होतं. आर्देलो. तिथं विमानतळ नाही. समुद्राची वाळू आहे, बस. लुई ब्लेरिओ हा माणूस २५ जुलै १९०९ रोजी कॅलेजवळून उडाला आणि साधारण ३७ मिनिटांनी डोव्हरच्या किल्ल्यापाशी आदळत-आपटत उतरला. विमानातून चॅनेल ओलांडणारा तो पहिला. पुढे त्याचं आर्देलोला घर होतं आणि त्याच्या शेजारी उन्हाळ्यात येऊन राहणारं एक कुटुंब होतं टाटांचं. त्या किनाऱ्यावर उतरणारी विमानं बघतच छोटा जेआरडी वेडा झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी तिथंच तो पहिल्यांदा विमानात बसला. १९२९ साली भारतात दिला गेलेला पहिला वैमानिक परवाना त्याचा. १९३२ साली कराचीहून जुहूला टपाल घेऊन आला तोही तोच.

आणि हॅरिएट क्विंबी. अमेरिकन पत्रकार. १६ एप्रिल १९१२ रोजी ती डोव्हरहून एकटी निघाली, धुक्यातून होकायंत्राच्या भरवशावर आली आणि आर्देलोच्या वाळूत उतरली. विमान चालवत चॅनेल पार करणारी पहिली बाई. आदल्याच दिवशी टायटॅनिक बुडालं होतं, त्यामुळे वर्तमानपत्रांत तिला जागा उरली नाही.

म्हणजे बघा, भारतातल्या विमानांची गोष्ट जिथं सुरू झाली तो किनारा मी बाबांना वरून दाखवणार होते. माझ्या डोक्यात फोटोची ओळसुद्धा तयार होती.

मग मी अ‍ॅप उघडलं. स्कायडेमन नावाचं अ‍ॅप आहे, त्यावर बोटानं रेघ ओढली की मार्ग तयार होतो. इंधन, वेळ, हवा, सगळं सांगतं. रेघ कुठंही ओढता येते. पण फ्रान्समधल्या शेकडो छोट्या धावपट्ट्यांपैकी ब्रिटनमधून थेट जाऊन उतरायचं ते कस्टम्स आणि पासपोर्ट तपासणीची सोय असलेल्या मोजक्याच ठिकाणी. तिथंही आधी कळवायचं. हद्द ओलांडायची म्हणून फ्लाइट प्लॅन भरायचा. ब्रिटनच्या सरकारला वेगळा फॉर्म, विमानात कोण कोण आहे त्याचा, निघण्याच्या कमीत कमी दोन तास आधी. हे सगळं मला पाठ होतं.

पाठ नव्हतं ते एवढंच की बाबांच्या पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिसा होता, शेंगेनचा नव्हता. तो जिथं राहता तिथून काढायचा असतो, म्हणजे त्यांनी मुंबईतून काढून यायला हवा होता. ब्रिटनमध्ये पाहुणे म्हणून आलेल्यांना तो इथून सहसा मिळत नाही.

आणि माझ्याकडे तरी कुठं होता? नऊ वर्षं इथं राहून माझा पासपोर्ट अजून निळाच आहे, आपल्या सिंहाचा. मी इथून अर्ज करू शकत होते. फॉर्म उघडला. जाण्याची तारीख लिहा. प्रवासाचं तिकीट जोडा.

मी हसायलाच लागले. तिकीट कोणाचं जोडू? मीच ड्रायव्हर. आणि तारीख? माझ्यासारख्या, उपकरणांवर विसंबून ढगात शिरायचा परवाना नसलेल्या माणसाची तारीख आदल्या रात्री ठरते, कधीकधी त्याच सकाळी. व्हिसाला तारीख लागते आणि हवेला तारीख चालत नाही.

क्लबातल्या एका मैत्रिणीनं सरळ सांगितलं, "नागरिकत्व घे ना. तुझे सगळे प्रश्न सुटतील." खरंच सुटतील. मी पात्र आहे. त्याचा फॉर्म माझ्या लॅपटॉपवर दीड वर्ष अर्धवट भरून पडलाय. भारत दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही. एक घेतलं की दुसरं परत करायचं. त्या पानावर आले की मला नेहमी चहा प्यावासा वाटतो.

मग मी नकाशा पश्चिमेकडे सरकवला आणि ऑल्डर्नी दिसलं. चॅनेल आयलंड्समधलं उत्तरेकडचं बेट. फ्रान्सच्या टोकापासून जेमतेम १५ किलोमीटर, पण ब्रिटनच्या राजमुकुटाखालचं. इथला व्हिसा तिथं चालतो. पाच किलोमीटर लांब, वस्ती दोन हजारांच्या आसपास. १९४० साली जर्मन येणार म्हणून जवळजवळ सगळं बेट रिकामं केलं होतं आणि मग तिथं नाझींच्या छावण्या उभ्या राहिल्या. आता पांढऱ्या गॅनेट पक्ष्यांनी भरलेले खडक आहेत आणि एक छोटी रेल्वे आहे, तिला लंडनच्या जुन्या मेट्रोचे डबे जोडलेत. हे वाचून बाबा खूश झाले. "म्हणजे भंगारात नाही काढले. शहाणी माणसं."

चॅनेलही ओलांडलं जाणार, व्हिसाही नको. ठरलं, असं वाटलं.

रात्री मी हिशेब केला. आमचं सेस्ना चार हजार फुटांवर असताना इंजिन बंद पडलं, तर ते तरंगत साधारण ११ किलोमीटर जाऊ शकतं. डोव्हरपाशी चॅनेल ३३ किलोमीटर रुंद आहे. दोन्ही काठांचे अकरा-अकरा वजा केले की मधले अकरा उरतात. म्हणजे चार मिनिटं अशी, की काही झालं तर पाण्यातच. आइल ऑफ वाइटच्या टोकावरून ऑल्डर्नीपर्यंत मात्र पाणी ११० किलोमीटरहून जास्त. तोच हिशेब केला तर तीस मिनिटं.

चार मिनिटं आणि तीस मिनिटं. कागदांनी ज्या वाटेला हो म्हटलं होतं, तीच समुद्राच्या दृष्टीनं लांबची होती. मे महिन्यात त्या पाण्याचं तापमान बारा अंशांच्या आसपास असतं. लाइफ जॅकेट, रबरी तराफा, उपग्रहाला जागा सांगणारं बीकन, सगळं क्लबाकडून भाड्यानं मिळतं. पण बाबांना पोहता येत नाही. इंजिनं सहसा बंद पडत नाहीत. "सहसा" हा शब्द मी त्या रात्री बराच वेळ बघत बसले.

सकाळी बाबांना वहीत आकृती काढून दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली.

"मी नसतो तर गेली असतीस?"

"बहुतेक हो. हवा स्वच्छ असती तर."

"मग मी आहे म्हणून जाऊ नको, आणि मी आहे म्हणून थांबूही नको. गाडीत ओळखीचं माणूस बसलं की ड्रायव्हर चुकतो. मी तुझ्या आईला कधी पुढच्या सीटवर बसवलं नाही."

पहिला शनिवार ऑल्डर्नीवर समुद्री धुकं. तिथला हवामानाचा अहवाल सकाळपासून एकच रडगाणं गात होता. गाडी रद्द. बाबांनी इस्त्रीचा शर्ट पुन्हा हँगरला लावला.

दुसरा शनिवार चांगला निघाला. मैदानावर मी त्यांना जॅकेट चढवलं आणि शिकवलं : आत बसून फुगवायचं नाही, फुगवलं तर दारातून निघता येणार नाही. बाहेर पडल्यावर ही दोरी ओढायची. त्यांनी तीनदा म्हणून दाखवलं. कंडक्टरनं हिशेब द्यावा तसं.

उडालो. ससेक्सचा किनारा उजवीकडे, समुद्र डावीकडे. बाबा काहीच बोलत नव्हते, फक्त प्रत्येक घड्याळाकडे बोट दाखवायचे आणि मी सांगायचे. आइल ऑफ वाइट आलं. त्याचं दक्षिण टोक, सेंट कॅथरिन्सचं दीपगृह, तिथून पुढे फक्त पाणी.

पाणी होतं, पण क्षितिज नव्हतं. पाऊस नाही, ढग नाही. फक्त दुधाळ धूसर. समुद्र आणि आकाश यांच्यातली रेघ कोणीतरी खोडरबरानं पुसली होती. खाली सरळ बघितलं तर लाटा स्पष्ट दिसत होत्या. समोर काहीच नाही. कागदावर दृश्यमानता नियमात बसत होती. पण क्षितिज नसलं की कानातला तोल खोटं बोलायला लागतो. विमान वळतंय आणि आपल्याला वाटतं सरळ चाललंय. १९९९ साली केनेडींचा मुलगा अशाच धूसर हवेत, रात्री, समुद्रावर तोल हरवून गेला. त्याच्याकडेही माझ्यासारखाच साधा परवाना होता.

ऑल्डर्नी पलीकडे होतं. जेवण पलीकडे होतं. पुढच्या गुरुवारी बाबांचं परतीचं विमान होतं. म्हणजे तिसरा शनिवार नव्हता.

मी साधारण एक मिनिट सरळ गेले. ते मिनिट मला अजून आठवतं, कारण त्यात मी विमान चालवत नव्हते, स्वतःशी वाद घालत होते. मग डावीकडे वळले आणि रेडिओवर सांगितलं, परत जातेय.

बाबांनी "का" विचारलं नाही. ते माझ्या हातांकडे बघत होते.

वाइट बेटावरच्याच एका गवताच्या धावपट्टीवर उतरलो. बाकड्यावर बसून चिप्स आणि चहा. जॅकेटं अजून अंगात होती.

"कुंभार्लीत धुकं असलं की मी वर चौकीपाशी गाडी लावायचो," बाबा म्हणाले. "लोक शिव्या द्यायचे. कोणाचं लग्न, कोणाची परीक्षा. धुकं उतरलं की तेच लोक म्हणायचे, कशाला थांबलात, काही झालं नसतं. ते कधी कळत नाही बघ. थांबल्यामुळे वाचलो की उगाच थांबलो."

मी म्हटलं, "तुम्हाला फ्रान्स दाखवायचं होतं."

"दाखव की. तू जाऊन ये आणि फोटो पाठव." मग जरा थांबून, चहात बघत, "तो तुझा फॉर्म. पासपोर्टचा. तुझी मैत्रीण सांगत होती मला. भरायचा तर भर. माझ्यासाठी अडवून ठेवू नको. मुक्कामी गाडीसुद्धा सकाळी परत येतेच."

मी काहीच बोलले नाही. मला एवढंच आठवलं की लहानपणी बाबांची मुक्कामी ड्यूटी असली की मी सकाळी गाडीचा हॉर्न ऐकू येईपर्यंत दूध प्यायचे नाही.

बाबा गुरुवारी गेले. मी लंडनला जाऊन शेंगेनचा अर्ज केला. तिकिटाच्या जागी विमान भाड्यानं घेतल्याची क्लबाची पावती आणि एक लांबलचक पत्र जोडलं. व्हिसा मिळाला, तीन महिन्यांत वापरायचा. सप्टेंबरमधला एक मंगळवार स्वच्छ मिळाला. ऑफिसला रजा टाकली. डोव्हरवरून निघाले, ती चार मिनिटं मोजली, समोर केप ग्रि-नेचा कडा पहिल्यापासून शेवटपर्यंत दिसत होता. मग किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली. डाव्या पंखाखाली आर्देलो. ओहोटी होती. रुंद, ओली, रिकामी वाळू. कोणीही उतरू शकेल अशी.

ल तुकेला शिक्का मारून घेतला, सायकल काढली आणि सूप यायच्या आधी फोटो पाठवला. चिपळुणात तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून गेले असतील.

दोन निळ्या रेघा लगेच आल्या. मग बराच वेळ "टायपिंग".

"छान. वाळू आपल्या गुहागरसारखी. परतीची गाडी किती वाजता?"

"चारची," मी लिहिलं. "घड्याळ इथलं."