न्हाणीबाहेरची दहा मिनिटं

आंघोळीनं अंग हलकं होतं हे खरंच आहे, पण पौष-माघात माझं ते हलकेपण न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंतच टिकतं. अंग पुसून होतं, कपडे घालून होतात आणि पोटऱ्यांवर बारीक चुणचुण सुरू होते. आधी वाटतं, कापडाचं टोक टोचत असेल. मग ती चुणचुण गुडघ्यामागच्या लवणीत जाते, मांडीच्या बाहेरच्या अंगाला लागते, कमरेला वळसा घालून दंडांवर चढते. एके ठिकाणी खाजवावं तर दुसरं ठिकाण जागं होतं. नडगीवर नख ओढलं की पांढरी रेघ उमटते, रेघेच्या कडेनं बारीक पापुद्रे सुटतात, आणि क्षणभर इतकं बरं वाटतं की हात थांबवत नाही. त्यानंतर मात्र नुसती आग. पाहणाऱ्याला काही दिसत नाही. पुरळ नाही, गांधी नाहीत, लाली असलीच तर माझ्याच नखांनी आणलेली. दहा मिनिटं, कधी थोडी जास्त. चहा निवून जातो, देवापुढचा दिवा घाईत लागतो, आणि मग ती खाज कुणी बोलावलं नसताना आली तशीच निघून जाते.

या दहा मिनिटांबद्दल मी बरीच वर्षं कुणाशी बोलले नाही. हुमनाबाद तालुक्यातलं आमचं हळ्ळीखेड, पाटीवर कंसात ‘बी’ लिहिलेलं. ऊस, तूर, ज्वारी आणि करडईचा हा मुलूख. इथं खाजेचं कुणाला अप्रूप? ज्वारीची रास करून आलेला माणूस अंगणातच सदरा झटकतो. उसाच्या पाल्याची कूस मानेच्या घडीत अशी रुतून बसते की दिवेलागणीपर्यंत मान हलवू देत नाही. तूर मळणीयंत्रातून निघायला लागली की भुसकटाचा धुरळा डोळ्यांत, कानांत आणि बाह्यांच्या आतही शिरतो. या सगळ्यावर गावाला एकच उतारा ठाऊक आहे. पाणी कडक तापवायचं, साबण लावायचा आणि खसाखसा घासून काढायचं. तो लागूही पडतो, कारण कूस आणि धूळ बाहेरून आलेली असते, पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून ‘अंग लई खाजूलालंय’ असं कुणी म्हणायचा अवकाश, ‘आंघोळ करून ये’ हे उत्तर तयार असतं. आंघोळ केल्यावरच अंग खाजतं म्हणणाऱ्या बाईला हे गाव काय सांगणार? नीट घासत नसशील, साबण बदलून बघ, अजून थोडं कढत घे. सल्ला मायेचा असतो, म्हणून तो मोडणं जिवावर येतं.

बरं, हा सगळा पट्टाच पाण्यानं कातडी बरी होते अशा श्रद्धेचा. कलबुर्गी जिल्ह्यात, अफजलपूर तालुक्यात भीमा आणि अमरजा जिथं मिळतात ते गाणगापूर. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रात त्या संगमाच्या कथा आहेत. अंगावर कोड आलेल्या नरहरीला श्रीगुरू वाळकं औदुंबराचं लाकूड रोवून त्याला रोज पाणी घालायला सांगतात. लाकडाला पालवी फुटते आणि त्याची काया उजळते. श्रीगुरूंची बहीण रत्नाई पापविनाशी तीर्थात न्हाते आणि तिचं कुष्ठ जातं. मांडीवरच्या फोडानं हैराण झालेला बीदरचा राजाही त्याच पोथीत येतो, आणि गुरूंचा शोध घेत संगमावर पोचतो. आमच्या जवळचं क्षेत्र माणिकनगर. माणिकप्रभूंनी (१८१७–१८६५) वसवलेलं, विरजा आणि गुरुगंगेच्या संगमावरचं. तिथला मोठा उत्सव दत्तजयंतीचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या थंडीत. बीदरला नरसिंह झरणीच्या गुहेत तर देवापर्यंत जायचं ते कमरेपर्यंतच्या पाण्यातून चालत.

या कथांवर माझा राग नाही. मी त्या ऐकतच वाढले, आजही घरात सप्ताह लागतो तेव्हा पोथीपुढे बसते. पण रत्नाईचा अध्याय आला की दरवेळी मनात येतं, ज्याच्या कातडीला पाणीच सोसत नाही त्यानं कुठल्या तीर्थाला जावं? आंघोळ टाळावी तर तीही सोय नाही. पारोशानं दिवा लावायचा नाही, चुलीशी जायचं नाही, तुळशीला पाणी घालायचं नाही. थंडीत एखाद्या म्हाताऱ्या माणसानं दोन दिवस आंघोळीला टाळाटाळ केली की घरातले त्याला आळशी म्हणून मोकळे होतात. तो कशाला भितो आहे हे कुणी विचारत नाही. मला फार वाटतं ते याच माणसांसाठी.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा एक अध्याय आहे. स्नानानं काय काय जातं ते सांगताना कंडू, म्हणजे हीच खाज, त्यानं अगदी आरंभी घेतली आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खट्टू झाले. पण त्याच अध्यायात स्नानाच्या आधी अभ्यंग येतो, आणि तो सणासुदीला नव्हे तर रोज करायला सांगितला आहे. तेल, मग व्यायाम, मग उटणं, आणि त्यानंतर पाणी. कढत पाण्याबद्दलही तो सावध आहे. मानेखाली गरम पाणी बळ देतं, डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ नेतं, असं त्याचं म्हणणं. नरकचतुर्दशीला एक दिवस आपण तो क्रम पाळतो आणि उरलेलं वर्षभर त्यातला शेवटचा टप्पाच तेवढा उरतो. त्यात साबणाची भर पडली ती वेगळीच.

साबणानं नेमकं काय होतं ते मला कातडीच्या डॉक्टरांनी समजावलं. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो, आणि दगडी भिंतीच्या सांध्यांत चुना भरावा तसं त्या पेशींच्या मधे स्निग्ध द्रव्य भरलेलं असतं. सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांचं ते मिश्रण. आतला ओलावा तेच धरून ठेवतं. कढत पाणी ते सैल करतं, साबण ते धुऊन नेतो. निरोगी कातडी किंचित आंबट असते, तिचा सामू पाचाच्या आसपास. साध्या वडीच्या साबणाचा नऊ-दहा. आंघोळ चालू असते तेव्हा वरचा थर पाणी पिऊन फुगतो, म्हणून बरं वाटतं. बाहेर आलो की ते पाणी उडून जातं आणि उघड्या पडलेल्या सांध्यांतून आतलाही ओलावा घेऊन जातं. कातडी आक्रसते. खाजेचा निरोप नेणारे तंतू बाहेरच्या थराला अगदी लागून संपतात, ते चाळवतात. खाजवताना क्षणभर सुटल्यासारखं वाटतं तेही खोटं नसतं. नखाच्या वेदनेनं मज्जारज्जूत खाजेचा निरोप थोडा वेळ दाबला जातो, इतकंच. तेवढ्या वेळात नखांनी भिंतीला आणखी चिरा पाडलेल्या असतात. वय वाढलं की कातडीतलं तेल मुळातच कमी होतं, म्हणून साठीनंतर हा त्रास अधिक. आणि आमचं बीदरचं पठार समुद्रापासून दूर, सहाशे मीटरांच्या आसपास उंच. संक्रांतीच्या दिवसांत इथली हवा इतकी कोरडी असते की दोरीवरचं धोतर बघता बघता वाळतं. ती हवा माणसाच्या अंगालाच तेवढी सोडेल कशी?

पाण्याचाही वाटा आहे. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपत येतं, येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याचं काठिण्य लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं धरलं आहे, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावं असं म्हटलं आहे. आमच्या न्हाणीत त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बादलीच्या आत पाण्याच्या रेषेवर पांढरी कड धरलेली असते, आणि पाणी तापवायच्या रॉडवरचा थर नखानं खरवडला की पापुद्र्यानं निघतो. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून आपण तो आणखी चोळतो. साबण आणि कॅल्शियम मिळून चिकट साका तयार होतो, तो पाण्यात विरघळत नाही, अंगावरच राहतो. गावात माणसं म्हणतात, अंग धुतल्यासारखंच वाटत नाही. बरोबर म्हणतात.

माझ्यापुरता उपाय आमच्याच शेतातून आला. करडई हे पीक बघण्यासारखं आहे. पिवळी-केशरी फुलं, आणि फुलाखाली, पानाच्या कडेला, सगळीकडे काटे. काढणी पहाटे करतात, दवानं काटे जरा मऊ असतात तेव्हा. तरीही हातापायांना कापड गुंडाळल्याशिवाय कुणी वाफ्यात शिरत नाही. लहानपणी करडीच्या रानात शिरले की पोटऱ्यांवर ओरखडेच ओरखडे घेऊन घरी यायची. त्याच झाडाच्या बियांचं तेल. त्यात साधारण तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल असतं. हे आम्ल शरीराला स्वतः तयार करता येत नाही, आणि कातडी आपले सिरॅमाइड रचताना तेच वापरते. भीमा, अन्नेगिरी ही वाणांची नावं आमच्याकडे शेतकऱ्यांच्या तोंडी असत. आता सोयाबीन आणि ऊस यांनी करडईचं रान बरंच खाल्लं आहे. घाण्यावर करडी घेऊन येणारी माणसं कमी झाली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पाणी कोमटच घेते. तान्ह्या बाळाच्या पाण्याची परीक्षा कोपरानं करतात, मीही तीच करते. सुरुवातीचे काही दिवस थंडीत ते पाणी अंगावर घेणं जड गेलं, आता कढत पाणीच नकोसं वाटतं. साबण काखेत, जांघेत, पायांना. हात, पोटऱ्या, पाठ यांना नुसतं पाणी. रानातून आले असेन तर गोष्ट वेगळी. घासणी मी न्हाणीतून काढूनच टाकली. पंचा अंगावर चोळायचा नाही, दाबून दाबून पाणी टिपायचं, आणि कातडी ओलसर असतानाच तळहातावर थोडं तेल घेऊन खालून वर लावायचं. सगळी किमया या ओलसरपणात आहे. कोरड्या कातडीवर तेल लावलं तर तेवढं काम करत नाही. ओलाव्यावर लावलं तर तो आत कोंडून धरतं. तेल नसेल तर साधी पेट्रोलियम जेलीही हेच करते, आणि भेगाळलेल्या कातडीला तीच जास्त बरी. तरी चुणचुण आलीच तर थंड पाण्यात पिळलेलं फडकं ठेवते. नखं कापलेली ठेवते. दुकानातून नाव सांगून आणलेली खाजेची मलमं मात्र मी घरात येऊ देत नाही. त्यांतल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. नायट्यावर ती लावली की चार दिवस बरं वाटतं, आणि मग नायटा आधीपेक्षा दुप्पट जागा घेतो. बोटांच्या बेचक्यांत खाज असेल, रात्री वाढत असेल, घरात दुसऱ्यांनाही असेल, तर ती खरूज. तिथं तेलाचा उपयोग नाही, सगळ्या घरानं एकदम औषध लावावं लागतं.

माझी खाज कोरडेपणाची आहे. गुढीपाडव्याच्या सुमाराला हवा बदलली की ती आपोआप जाते. पण काही माणसांना पाणी कोमट असो की गार, हिवाळा असो की वैशाख, ते अंगाला लागल्यावर मिनिटांत टोचणी सुरू होते. पावसात भिजल्यावरही होते. तेल लावून फरक पडत नाही, अंगावर काही दिसत नाही, टोचणी तासभर राहते. या दुखण्याला वैद्यकात स्वतंत्र स्थान मिळालं ते अलीकडेच. १९८१ मध्ये ग्रीव्ह्‌ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये अशा रुग्णांचं नीट वर्णन केलं. त्याआधी अशा माणसांना मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं जाई, आणि नंतरही जाई. यातल्या काहींच्या मुळाशी रक्ताचा आजार असतो. पॉलिसायथीमिया व्हेरा हा तो आजार. त्यात अस्थिमज्जेत तांबड्या पेशी गरजेपेक्षा जास्त तयार होतात, रक्त दाट होतं, गुठळी होण्याचा धोका वाढतो. २००५ मध्ये त्यामागचा जॅक-२ या जनुकातला बदल सापडला. या आजाराच्या दर दहांतल्या साधारण चौघांना आंघोळीनंतर खाज येते, आणि कित्येकांना ती आजार ओळखला जाण्याच्या आधीपासूनच असते. पहिली तपासणी तर अगदी साधी आहे, नेहमीच्या रक्ततपासणीतलं हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट. पण आमच्याकडे हिमोग्लोबिन म्हटलं की ते कमी असण्याचीच काळजी. सतरा-अठरा निघालं तर ‘रक्त भरपूर आहे’ म्हणून कौतुक होतं आणि कागद घडी घालून कपाटात जातो. तिथंच थांबून एक प्रश्न विचारायला हवा. खाज येते का, आणि पाणी लागल्यावर येते का?

मूत्रपिंडाचं, यकृताचं, थायरॉइडचं दुखणंही कधी कधी खाजेनंच दार वाजवतं. म्हणून दोन-तीन आठवडे नीट तेलपाणी करूनही उतार पडत नसेल तर बीदर, कलबुर्गी, सोलापूर, जिथं जाणं होईल तिथं दाखवावं. दाखवताना वेळ सांगावी, पाणी कसं होतं ते सांगावं, अंगावर काही दिसत नाही हेही ठामपणे सांगावं.

सासूबाई आता आपणहून आंघोळीला उठतात. त्यांच्या पोटऱ्यांना मी ओलं असतानाच तेल लावते; पूर्वी माघ सरेपर्यंत तिथं रक्ताळलेले ओरखडे असायचे, यंदा नाहीत. नणंदेच्या सासऱ्यांचं मात्र वेगळं आहे. त्यांना बारा महिने होतं, गार पाण्यानंसुद्धा, आणि ते हे सगळं गेली कित्येक वर्षं कुणाला न सांगता सोसत आले. दत्तजयंतीला माणिकनगरला आले होते तेव्हा मी सहज विचारलं, तर आधी लाजले, मग बराच वेळ बोलत राहिले. रक्त तपासून घ्या म्हटलं आहे. कागद हातात आला की त्यावर डॉक्टरांना दाखवायचं सगळं मराठीत लिहून द्यायचं माझ्याकडे आहे. डॉक्टरांना कन्नडमधून सांगावं लागलं तर मुलगा सांगेल.