दुआ आणि दवा

आंबागडच्या किल्ल्याखालच्या वस्तीतला तो मुलगा. आम्ही फळ्याकडे हात नेला तरी डोके झाकून घ्यायचा. चाचाचा मार आम्हाला उशिराच कळला. दादी दम करून आणत, आम्ही अडवले नाही. एवढेच म्हणालो, "दादी, इलाज करणे हीही सुन्नतच." १०९८ वर फोन केला. नागपूरच्या मानसोपचार डॉक्टरांनी आधी विचारले, मारणारा अजून घरात आहे का? असेल तर नुसत्या गोळीने काय होणार! मुलगा खालाकडे राहायला गेला. गोळी झोपेपुरती, आपल्या मनाने बंद न करण्याची. खरा भर बोलते करण्यावर. (टेली-मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.) रमजानात दादींनी विचारले, रोजा? लहान आहे, फर्ज नाही, आधी गोळी. परवा आम्ही फळ्याकडे वळलो, तेव्हा त्याचा हात अर्ध्यावर येऊन थांबला.