गिफ्ट, २३ किलोच्या आत

डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला की एचआरची ती मेल येतेच. 'सीक्रेट सान्ता'! चिठ्ठी उचला, बजेट ५०० रुपये, नाव फोडायचं नाही. मग लंच टाइममध्ये ऑनलाइन शोधाशोध सुरू. कॉफीचा मग, सेंटेड कॅण्डल, नाहीतर टेबलावर ठेवायचा तो इवलासा कॅक्टस. ज्याच्या नावाची चिठ्ठी आली तो अकाउंट्समधला बाबा कॉफी पितो की चहा, हेही आपल्याला ठाऊक नसतं. त्याचंही काही बिघडत नाही म्हणा. तो मग ड्रॉवरमध्ये टाकतो आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात मारतो. मामला खल्लास.

मी पडले फ्रीलान्सर. मला ना एचआर, ना सीक्रेट सान्ता. पण माझं घर वसईचं, कुपारी ख्रिस्ती. त्यामुळे डिसेंबरात गिफ्टमधून सुटका नाही. आणि २०२३च्या नाताळात तर या गिफ्टना तीन अटी होत्या.

पहिली अट, माझ्या अकाउंटमध्ये खडखडाट होता. दोन पेमेंट्स अडकली होती. 'पुढच्या वीकमध्ये नक्की' या वाक्याचा खरा अर्थ काय, हे फ्रीलान्सर मंडळींना सांगायला नको. दुसरी अट, दादा, वहिनी आणि चार वर्षांची भाची जानेवारीत कॅनडाला निघाले होते. फिरायला नाही, राहायला. माणशी दोन बॅगा, प्रत्येक बॅग २३ किलोंची. वहिनीने हातात धरायचा डिजिटल वजनकाटा आणला होता आणि घरातली प्रत्येक वस्तू त्याला टांगून बघत होती. त्यामुळे गिफ्ट द्यायचं तर हलकं द्या, असं तिने जाहीरच करून टाकलं होतं.

तिसरी अट कुणी बोलून दाखवली नव्हती. व्हिसा आल्यापासून, म्हणजे जवळजवळ तीन महिने, पप्पा दादाशी कामापुरतंच बोलत होते. भांडण नाही, आदळआपट नाही. 'मोटर बंद केलीस?' 'हो.' संपलं. वाडीतली केळी, फुलं, ते पाणी, ते खत, हे सगळं पुढे कोण बघणार हा प्रश्न रोज रात्री जेवणाच्या टेबलावर येऊन बसायचा आणि सगळे त्याला चुकवून डाळ वाढून घ्यायचे.

म्हणून ठरवलं, या वर्षी विकत काही नाही. सगळं हाताने.

तसं आमच्याकडे हे काही नवीन नाही. नाताळ हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'नाताल'वरून आला. वसईवर त्यांचा अंमल १५३४ पासून १७३९ पर्यंत होता, पण शब्द राहिला आणि त्याच्यासोबत ताटही राहिलं. दिवाळीला तुमच्याकडे फराळाचं ताट शेजारी जातं ना, तसंच नाताळात आमच्याकडून. गोव्यात त्याला 'कोंसुआद' म्हणतात, मंगळूरकडे 'कुस्वार'. नेवऱ्या, दोदोल, मार्झिपान आणि कुलकुल. कुलकुल म्हणजे मैद्याची गोळी काट्याच्या पाठीवर दाबून वळायची, तळायची आणि साखरेत घोळवायची. एकट्याने करायचा हा पदार्थच नव्हे. पाच-सहा जणांनी एका परातीभोवती बसायचं आणि गप्पा हाणत वळत राहायचं. म्हणजे घरच्या हातांनी केलेलं दुसऱ्याला देणं हीच मूळ रीत. मग, कॅण्डल, कॅक्टस नंतर आले.

आणि रेडीमेडचा फंडा कुठून आला, माहितीये? लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोल नावाचे एक सरकारी अधिकारी होते. कामाच्या रगाड्यात त्यांना नाताळची पत्रं हाताने लिहायला सवडच मिळेना. त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि त्याची हजारभर कार्डं छापून घेतली. ती एका शिलिंगला एक अशी विकायलाही ठेवली. नाताळचं पहिलं छापील विक्रीचं कार्ड ते हेच. म्हणजे हा शोध तुमच्या-माझ्यासारख्याच एका डेडलाइनवाल्या माणसाने लावला. मी त्यांना नावं ठेवणार नाही. मला फक्त एवढंच म्हणायचंय की रेडीमेड गिफ्टमध्ये वाचतो तो वेळ, आणि हाताने करायला घेतलं की लागतो तोही वेळच. प्रश्न इतकाच की तो वेळ जातो कुठे.

माझा पहिला वेळ गेला मम्मीच्या मुठीत.

दादा-वहिनीसाठी मी मम्मीच्या पाककृतींची वही करायला घेतली. मम्मीच्या स्वयंपाकात मापं तीनच: मूठ, चिमूट आणि 'दिसतंय की'. कॅनडातल्या किचनमध्ये 'दिसतंय की' कसं चालणार? मी माझा किचनचा वजनकाटा वसईला घेऊन गेले आणि मम्मीला म्हटलं, तांदळाच्या पिठाची मूठ घे. ४२ ग्रॅम. परत घे. ४१. परत. ४२, ४२, ४१. बॉस, पाच वेळा घेतली तरी एका ग्रॅमचा फरक! मग वहिनीला घ्यायला लावली. तिची मूठ ३३-३४ ग्रॅमची. म्हणजे मम्मीच्या चार मुठी म्हणजे वहिनीच्या पाच. वहीच्या पहिल्या पानावर मी हेच लिहिलं. बाकी सगळी वही त्या एका ओळीवर चालते.

दुसरी गोष्ट भाषेची. आमच्या घरात सामवेदी बोली बोलतात, तिला कादोडीही म्हणतात. तिची वेगळी लिपी नाही, लिहायची तर देवनागरीतच. सुरुवातीला मी सवयीने शुद्ध मराठीत लिहायला लागले. 'मध्यम आचेवर परतून घ्यावे' वगैरे. दादाने दोन पानं वाचली आणि म्हणाला, "ही टीव्हीवरची बाई आहे. मम्मी कुठाय?" मग मम्मी बोलेल तसंच लिहिलं. ती जिथे थांबली तिथे टिंबं, जिथे ओरडली तिथे उद्गारचिन्ह. अठरा पदार्थ झाले. त्यात सुकेळीसुद्धा. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवायची ती आमची वसईची खासियत. कॅनडात एवढं ऊन आणणार कुठून, असं वहिनीने विचारलं. मम्मी म्हणाली, "लिहून तर ठेव." वहीचं वजन २१० ग्रॅम. पास.

भाचीसाठी गोधडी. हे गिफ्ट माझं नाही, आजीचं. मी फक्त सुया ओवल्या. आजी ८४ वर्षांची, बारीक दिसत नाही. पण धावदोरा ती डोळ्यांनी घालतच नाही, बोटांनी घालते. डाव्या हाताचं बोट खालून सुईची वाट बघत असतं. ओवणं तेवढं जमत नाही. म्हणून मी शनिवारी-रविवारी वीस सुया ओवून उशीला टोचून ठेवायचे आणि त्या तिला आठवडाभर पुरायच्या. कापड म्हणजे आजीचीच मऊ पडलेली तीन जुनी लुगडी, वरचं लाल. माप घ्यायला भाचीला चटईवर झोपवलं. आजीने तिच्या टाचेपाशी खूण केली, त्यापुढे एक वीत धरली. मग हात तसाच ठेवून मला विचारलं, "पोर परत येईल तेव्हा पुरेल ना गं?" मी काही बोलायच्या आत तिने आणखी एक वीत वाढवली.

गोधडी झाली एक किलो शंभर ग्रॅम. वहिनीने काही न बोलता बॅगेतून स्वतःचे बूट आणि एक जीन्स बाहेर काढली.

राहिले पप्पा. पप्पांना काय द्यायचं हे दादाने ठरवलं. आमच्या लहानपणी नाताळचा तारा पप्पा घरी करायचे. पुढे बाजारात प्लॅस्टिकचे आणि एलईडीचे तारे आले, वाडीचं काम वाढलं आणि ते बंद पडलं. दादा म्हणाला, या वर्षी मी करतो. आता दादा म्हणजे सॉफ्टवेअरवाला. कोयता त्याने शाळेत असताना शेवटचा धरला असेल. वाडीच्या कडेचा बांबू आणला आणि साहेब अंगणात बसले चिरायला. पहिली कामटी पेरापाशी तुटली. दुसरी एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला कागदासारखी. तिसरीही तीच गत. पप्पा ओटीवर पेपर वाचत होते. म्हणजे पेपर उघडा होता, पान मात्र बराच वेळ उलटलं नव्हतं.

चौथ्या कामटीला ते उठले. दादाच्या शेजारी उकिडवे बसले, कोयता घेतला आणि म्हणाले, "चीर पातळ बाजूला पळायला लागली की जाड बाजू वाकवायची. मग ती आपोआप मध्ये येते."

तीन महिन्यांतलं ते सगळ्यात लांब वाक्य होतं.

तारा कसा करतात ते सांगते, कारण एकदा कळलं की सोपं आहे. सारख्या लांबीच्या दहा कामट्या, साधारण दोन फुटी. पाच कामट्यांचा एक तारा, असे दोन तारे बांधायचे. दोन्ही एकमेकांवर ठेवून पाचही टोकं दोऱ्याने घट्ट आवळायची. मग आत जिथे कामट्या एकमेकींना छेदतात त्या पाच जागी साधारण पाच इंची काड्या आडव्या घालायच्या. दोन्ही तारे मधून फुगतात आणि आत बल्बला जागा होते. वरून पतंगी कागद, चिकटवायला मैद्याची खळ. सगळी गंमत त्या पाच काड्यांत आहे. त्या नसतील तर तारा सपाट, आणि एक जरी कमी-जास्त झाली तरी तारा वाकडा लटकतो.

दोघांना दोन रविवार लागले. गाठी मारताना ते बांबूबद्दल बोलले, मग पंपाबद्दल, मग केळीच्या भावाबद्दल. दुसऱ्या रविवारी, म्हणजे २४ तारखेला, कागद लावता लावता पप्पा म्हणाले, "पाणी मी देईन अजून पाच-सहा वर्षं. पुढचं पुढे बघू." दादा खळीचा ब्रश हातात धरून बसला होता. "मध्ये मध्ये येत जाईन," म्हणाला. एवढंच. वाडीचा प्रश्न सुटला असं समजू नका, तो आजही तसाच आहे. पण त्याला निदान बसायला पाट मिळाला.

मध्यरात्रीचा मिस्सा आटपून आलो तेव्हा तारा अंगणातल्या आंब्याला लटकत होता. गिफ्ट्स वाटून झाली. पप्पांनी शर्टाच्या खिशातून सुतळीचा एक तुकडा काढून दादाला दिला. दोन गाठी मारलेल्या. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत आडव्या काडीची लांबी, दुसऱ्या गाठीपर्यंत कामटीची. "तिकडे बांबू नसेल तर दुसरं काही घे," ते म्हणाले, "लांबी एवढीच ठेव." वहिनीने सवयीने सुतळी काट्याला टांगली. काट्याने शून्य दाखवलं.

२०२४च्या डिसेंबरात कॅनडातून व्हॉट्सअॅपवर फोटो आला. हार्डवेअरच्या दुकानातल्या लाकडी काड्या, टिश्यू पेपर आणि अपार्टमेंटच्या खिडकीत, बाहेर बर्फ असताना, आमचा तारा. जरासा वाकडा. पप्पांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून नीट तपासला आणि म्हणाले, "खालची गाठ सैल आहे." मग व्हिडिओ कॉल. एका गाठीवर चाळीस मिनिटं!

आता तुमच्यासाठी. तुमच्याकडे नाताळ नसेल, दिवाळी असेल, ईद असेल, नाहीतर साधा आईचा वाढदिवस असेल. हाताने केलेलं स्वस्त पडतं असं मात्र समजू नका. वहीने माझे चार वीकेण्ड खाल्ले. त्या वेळात दोन आर्टिकल्स लिहिली असती तर सगळ्यांसाठी मस्त परफ्यूम आले असते (पेमेंट झालं असतं तर!). पण मग मम्मीची मूठ ४२ ग्रॅमची आहे हे मला कधीच कळलं नसतं. विकत आणायला आपल्याला माणसाचं फक्त बजेट ठरवावं लागतं. करायला घेतलं की त्याचं माप घ्यावं लागतं, आणि माप घ्यायला त्याच्याजवळ जाऊन बसावं लागतं.

तेव्हा कागद, रिबीन, ग्लू गन यांच्या मागे लागायच्या आधी एखाद्या रविवारी घरी जा. कोण काय अंदाजाने करतं ते बघा. चहातली साखर, भाकरीचं पीठ, गजऱ्याचा दोरा. जे कधीच कुणी लिहून ठेवलेलं नाही ते मोजून घ्या, आणि ज्याला त्याची गरज पडणार आहे त्याला द्या. तारा करणार असाल तर दहा तारखेच्या आत बांबू आणा, पहिल्या तीन कामट्या फुकट जातात. वजनकाटा मात्र हवाच. यंदाची खरेदी तेवढीच.