नेटवर्क शोधत आंजर्ल्यात पायपीट : प्रश्न पासवर्डचा नाही, हक्काचा आहे



गेल्या वर्षी माझ्या भाचीचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. महाडीबीटी उघडायचं, ओटीपी यायचा आणि तो टाकेपर्यंत नेट जायचं. दोन दिवस हेच चाललं. शेवटी आम्ही दोघी मोबाईल घेऊन वाडीबाहेर पडलो. आंजर्ल्यात समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका होमस्टेच्या गडग्याजवळ वायफायच्या सगळ्या रेघा भरल्या, पण पुढे कुलपाचं चिन्ह होतं. माझी वहिनी त्याच घरी पर्यटकांच्या चादरी धुते, म्हणून धीर करून विचारलं. मालक शांतपणे म्हणाले, "नेट पाहुण्यांसाठी आहे गो."

ते ओरडले नाहीत की वाईट बोलले नाहीत. पासवर्ड खोलीतल्या भिंतीवर चिकटवलेला असतो, वहिनीला तो रोज दिसतो. भाची म्हणाली, "आत्या, आईला विचारूया ना." वहिनीचं उत्तर होतं, "नको गं बाय, कळलं तर काम जाईल." दुसऱ्या दिवशी एसटीने दापोली गाठून अर्ज भरला. वहिनीचा त्या दिवसाचा रोज बुडाला.

हा प्रसंग डोक्यातून जाईना. एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना गावाचा नकाशा काढायला शिकले होते : विहीर कुठे, देऊळ कुठे, कुठली वाडी कुठे. म्हटलं, आता नेटवर्कचा नकाशा काढून बघू. संगणकाच्या नादी लागलेल्या लोकांचा हा जुना छंद आहे. गाडीतून फिरत वायफाय शोधलं तर वॉरड्रायव्हिंग, पायी फिरत शोधलं तर वॉरवॉकिंग. २००१ पासून विगल नावाच्या प्रकल्पात जगभरचे हौशी लोक अशा नोंदी जमा करतात. २००२ मध्ये लंडनमध्ये काही जण जिथे नेटवर्क सापडेल तिथे भिंतीवर किंवा फुटपाथवर खडूने खूण करून ठेवायला लागले, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून.

यात चोरी काही नाही. प्रत्येक राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपलं नाव हवेत पुकारत असतो. मोबाईल ते ऐकतो. ॲप त्यासोबत जागा आणि सिग्नलची ताकद नोंदवतं. उणे चाळीस म्हणजे तुम्ही राउटरच्या जवळच आहात, उणे नव्वद म्हणजे सिग्नल गेल्यातच जमा. ऐकणं वेगळं आणि परवानगीशिवाय आत शिरणं वेगळं. दुसऱ्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आहे. मी फक्त ऐकत होते. नोंदी कुठे अपलोड केल्या नाहीत, कारण लोक नेटवर्कला आपलं आडनाव देतात आणि कुणाचं घर जगाच्या नकाशावर टाकण्याचा हक्क मला नाही.

चार संध्याकाळी चालले. किनाऱ्याचा रस्ता, बाजार, कड्यावरच्या गणपतीची चढण, जोग नदीच्या खाडीची बाजू. होमस्टेंच्या रांगेत यादी बोटाने सरकवावी लागत होती. पाखाडी उतरून आमच्या वाडीकडे वळले तशी ती आटत गेली. वाडीत दोन नावं दिसली, दोन्ही कुणाच्या तरी मोबाईलचे हॉटस्पॉट. जांभ्याची भिंत आणि पावसात भिजलेली झाडं सिग्नल अडवतात हे खरं. पण मुळात घरात राउटरच नसेल तर जांभ्याला दोष कशाला द्यायचा?

तिसऱ्या दिवशी एका ओटीवरून हाक आली, "कुणाची गं तू? मोबाईलवर काय टिपतेस?" वाडीचं नाव सांगितल्यावर आणखी दोन माणसं बाहेर आली. मला मोबाईल उघडून दाखवावा लागला. संशय अगदीच हवेतला नाही, हेही मान्य करते. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधी आलेला ईमेल नवी मुंबईत राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी स्वतःच लॅपटॉप घेऊन, फिरून उघडी नेटवर्क शोधायचं जाहीर केलं. पण त्याच रस्त्यावर दिवसभर पर्यटक मोबाईल उंचावून फिरतात. त्यांना कुणी विचारत नाही, "कुणाचा रे तू?"

काही मित्र म्हणतील, ताई, हा पैशाचा प्रश्न आहे, यात जात कशाला आणता? मग सांगा, केबल कुठवर येते? जिथे धंदा आहे तिथवर. धंदा कुठे आहे? रस्त्याकडेच्या, समुद्राकडेच्या जमिनीवर. त्या जमिनी कुणाच्या आणि आमची वाडी टोकाला का? जमिनींची वाटणी काही चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले, तेव्हा सगळेच अंधारात होते. वीज आणि नेट परत आलं तेव्हा मात्र रस्त्याकडून आत, शेवटी आमच्याकडे.

तरीही कुणाच्या घरातला पासवर्ड मागत बसावं असं मी म्हणणार नाही. तो त्यांचा खाजगी आहे. माझा राग दुसऱ्याच एका नोंदीवर आहे. फिरताना एका सार्वजनिक इमारतीजवळ नेटवर्क सापडलं, कुलूप नसलेलं. आनंदाने जोडलं, पण पुढे इंटरनेटच नाही. डबी भिंतीवर आहे, नाव हवेत आहे, कागदावर गाव जोडलेलं आहे. नळ आहे, पाणी नाही.

इथे महाड आठवलं पाहिजे. चवदार तळं कुणाच्या परसातलं नव्हतं, ते सार्वजनिक होतं. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. दोन्ही कागदावर राहिले. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांसोबत हजारो माणसं तळ्यापर्यंत चालत गेली. आणि कोर्टाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडलं. कागदावरचा हक्क आपोआप घरी चालत येत नाही. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. आपल्या वाडीतल्या मुलीला त्याचा उपयोग काय, हे विचारायला आपणच गेलं पाहिजे.

म्हणून तीन कामं सुचवते. पहिलं, आपापल्या गावात असंच चाला. सार्वजनिक नेटवर्क कुठे आहे आणि ते खरंच चालतं का, याची तारीखवार नोंद करा. लोकांची नावं टिपू नका. दुसरं, ती नोंद घेऊन ग्रामसभेत उभे राहा, लेखी उत्तर मागा. तिसरं, पीएम-वाणी योजनेत डिसेंबर २०२० पासून छोटा दुकानदारसुद्धा परवान्याशिवाय सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. मग आपल्या विहारात का नको? जयंतीला डीजेवर एका रात्रीत जो पैसा उडतो, त्यात वर्षभराचं कनेक्शन आणि मुलांसाठी दोन टेबलं सहज बसतात. हे आपल्या लोकांना झोंबेल, पण बोलावं लागेल.

भाचीचा या वर्षीचा अर्ज पुन्हा भरायचा आहे. तोपर्यंत विहारात राउटर लागावा म्हणून आम्ही वर्गणी सुरू केली आहे. पहिले शंभर रुपये वहिनीने दिले.

जय भीम!