मे महिन्याचं देणं

मराठी गाण्यांतली मुलं उन्हाळा लागला की आगगाडीत बसून मामाच्या गावाला जातात. आमचा मामा बूढापाऱ्यात राहायचा आणि आम्ही तात्यापाऱ्यात. चालत निघालं तर घाम फुटायच्या आत मामाचं गाव येई. रायपूरच्या जुन्या मराठी घरांचं हे असंच आहे. 1741 मध्ये नागपूरकर भोसल्यांचा भास्करपंत फौज घेऊन छत्तीसगडात उतरला, 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहू लागले, आणि त्यांच्या मागोमाग जे कारकून, पुजारी, शिलेदार आले ते इथलेच होऊन गेले. आमचं घराणं नेमकं कधी आलं याचा कागद घरात नाही. पण ‘आमचं गाव’ म्हणून बोट दाखवावं असं महाराष्ट्रात काही उरलं नव्हतं. आमराई नाही, विहीर नाही, वाटेकडे डोळे लावून बसलेली आजी नाही. आजी घरातच होती आणि तीच म्हणायची, मला कुठंतरी न्या रे.

वडील शाळेत गणित शिकवायचे. त्या पगारात घर चालायचं, सुट्टी चालायची नाही. ती चालवली शेजारच्या काकांनी. काका रेल्वेत बुकिंगच्या खिडकीवर होते आणि सगळा पारा, म्हणजे सगळी वस्ती, त्यांना ‘बुकिंगवाले काका’ म्हणे. मूळचे नागपूरकडचे, त्यामुळे बोलणं तिकडचं. ‘न्यूमन्स इंडियन ब्रॅडशॉ’ नावाचं कलकत्त्याहून निघणारं जाडजूड वेळापत्रक त्यांच्याकडे असे. फेब्रुवारीतल्या एखाद्या रविवारी ते बगलेत मारून काका आमच्या ओसरीवर येऊन बसत.

कुठे जायचं, हा त्यांचा पहिला प्रश्न कधीच नसे. “पोरं केवढी झाली?” हा असे. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला तेव्हा अर्ध्या भाड्यात अख्खी बर्थ मिळायची; 2016 च्या एप्रिलात ती सोय गेली. म्हणून काकांचा आराखडा उलटीकडून सुरू होई. लांबचे प्रवास आधी, ताई बाराची व्हायच्या आत. जवळचं राजीम आणि सिरपूर कुठे पळून जात नाही. आईला वाटे, एवढ्याशा मुलांना घेऊन एवढं लांब कशाला, थोडी मोठी होऊ देत. “मोठी झाली की फुल तिकीट लागते, वहिनी,” काका म्हणत, आणि चहा यायच्या आत तो विषय निकालात निघे.

मुंबईला आत्या होती. रायपूर ते मुंबई अकराशे किलोमीटरच्या वर. बाकीची माणसं त्या प्रवासाकडे गाडीत काढायचा एक दिवस म्हणून बघत; काका त्यात दोन सहली शोधत. नियम साधा आहे, पण तो खिडकीपलीकडच्या माणसालाच ठाऊक असतो. पाचशे किलोमीटरांहून लांबच्या तिकिटावर वाटेत एकदा उतरता येतं, हजारांहून लांबच्या तिकिटावर दोनदा. उतराल तिथे दोन दिवस राहा, पुढचं तिकीट नव्याने काढायला नको. शिवाय अंतर वाढतं तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, त्यामुळे एकच लांब तिकीट तुकड्या-तुकड्यांच्या तिकिटांपेक्षा स्वस्त पडतं. अट एकच, पहिला मुक्काम पाचशे किलोमीटर ओलांडल्यावर. काका पेन्सिलीचं टोक रुळावरून फिरवल्यासारखं पानावरून फिरवत. नागपूर तीनशेलाच येते, बाद. बडनेरा थोडक्यात हुकते. “आता हे पाहा, शेगाव बसते!” हे ते अशा आवाजात म्हणत की जणू गजानन महाराजांनीच किलोमीटर मोजून तिथे प्रकट व्हायचं ठरवलं होतं.

तर पहिला मुक्काम शेगाव. संस्थानाचं भक्तनिवास, खोलीचं भाडं शिक्षकाला झेपेल एवढं आणि फरशी अशी लख्ख की आजीने पदराने पुसून पाहिली, पदर पांढराच राहिला. दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी स्टेशनावर कचोरी. उतरल्याबरोबर तिकिटावर शेरा मारून घ्या, पुढच्या गाडीचं आरक्षण आधीच करून ठेवा, हे काकांनी बजावून सांगितलेलं. दुसरा मुक्काम जळगाव, तिथून एसटीने अजिंठा. “अजिंठा आम्ही मुंबईच्या तिकिटात पाहिला,” असं वडील पुढे वर्षानुवर्षं आल्यागेल्याला सांगत आणि समोरच्याला त्यातली खुबी कळेपर्यंत सोडत नसत.

एका वर्षी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डबा रिकामा झाला. (रद्दीचे, शिकवणीचे, दिवाळीच्या ओवाळणीतले पैसे ज्यात पडत तो सुट्टीचा डबा. मोठ्या प्रवासासाठी टपाल कार्यालयातली पाच वर्षांची आर.डी. वेगळी. तिला हात लावायचा नाही, असा काकांचा दंडक.) त्या वर्षी काकांनी काढलेली तोड मला अजूनही सगळ्यांत हुशार वाटते. नागपुरात त्यांचा एक सहकारी होता, त्यालाही मुलं होती आणि त्याच्याही डब्याची तीच गत. काकांनी दोन घरांची अदलाबदल लावून दिली. आठवडाभर ते आमच्या घरात, आम्ही त्यांच्या. मे महिन्यात रायपूरहून नागपूरला जायचं म्हणजे आगीतून फुफाट्यात. पण मुलांना ऊन वेगळं वाटलं की पुरतं.

नागपूरच्या त्या घरात स्वयंपाकघराच्या दारावर, खळीने चिकटवलेला, फुलस्केप कागद होता. नळ पहाटे साडेपाचला येतो आणि अर्ध्या तासात जातो, आधी पिण्याचं भरावं. कूलरचा वाळा भिजवल्याशिवाय पंखा लावू नये. दूधवाल्याला सगळं समजतं, हिशेब सोडून. खालच्या मजल्यावरच्या आजींना कमी ऐकू येतं, त्यांनी ‘कोण?’ विचारल्यास ‘पाहुणे’ एवढंच मोठ्याने सांगावं, पुढे बोलत बसू नये. लोणच्याची डावीकडची बरणी तुमची. उजवीकडची यंदाची आहे, उघडू नये. आईने तो कागद वाचला आणि घर न पाहताच म्हणाली, ही बाई नीटनेटकी आहे. दोघींची भेट पुढे एका लग्नात झाली, तेव्हा त्या सख्ख्या बहिणींसारख्या बोलत होत्या. एकमेकींच्या फडताळात हात घालून झाल्यावर ओळख व्हायची उरतेच काय?

आम्ही महाराजबाग पाहिली, सीताबर्डीला भटकलो, तर्री-पोहे खाऊन डोळ्यांतून पाणी काढलं, रामटेक चढलो. त्यांनी रायपुरात काय केलं ते परतल्यावर कळलं. ते सिरपूर पाहून आले होते. आम्ही पाहिलं नव्हतं. वडिलांना ते चांगलंच लागलं, आणि पुढच्या रविवारी काकांनी आम्हाला भल्या पहाटेच्या बसमध्ये बसवलं. महामार्गावर कुहरीच्या वळणाला उतरून पुढे मिळेल त्या गाडीने. सिरपूरचं लक्ष्मण मंदिर विटांचं आहे, सातव्या शतकातलं. राणी वासटेने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ बांधलेलं. विटांवर कोरीव काम कसं टिकलं असेल, हे हात लावल्याशिवाय समजत नाही. काका आमच्यासोबत होते. ते मंदिरापेक्षा जास्त रंगून सांगत होते ते उत्खननाबद्दल. 1953 ते 1956 या वर्षांत इथे डॉ. मो. गं. दीक्षितांनी खोदकाम केलं आणि आनंदप्रभू कुटी विहार उजेडात आणला, “आपल्या दीक्षितांनी, बरं का!” त्यानंतरच्या रविवारी महंत घासीदास संग्रहालय. 1875 पासून हे संग्रहालय आमच्या शहरात आहे आणि सिरपूरच्या कांस्यमूर्ती तिथे आहेत. नवतप्याच्या रणरणत्या दुपारी जाड भिंतींच्या त्या गार दालनांत आम्ही चटया टाकल्या नाहीत एवढंच.

राजीमला मात्र छोट्या गाडीने. 1900 साली सुरू झालेली ती नॅरोगेज अभनपूरला दोन वाटांनी फुटायची, एक धमतरीला, एक राजीमला. उन्हाळ्यात महानदी आटलेली, त्यामुळे नदीच्या पात्रातल्या कुलेश्वर महादेवापर्यंत वाळूतून चालत जायचं. वाळू तापायच्या आत परत यायचं, वाटेत पात्रातल्या वाडीवरचं कलिंगड फोडायचं, राजीवलोचनाचा पिडियाचा प्रसाद खायचा. एवढ्या कमी पैशांत एवढी दमलेली मुलं मी पुन्हा कुठे पाहिली नाहीत. 2017 मध्ये शहरातला तो मार्ग बंद झाला आणि रुळांच्या जागी एक्स्प्रेसवे आला.

पाच वर्षांची आर.डी. फुटली ती विशाखापट्टणमसाठी. आमच्या घरात समुद्र फक्त मुंबईच्या आत्याच्या नावावर होता. काका म्हणाले, रायपूरवाल्याचा समुद्र पूर्वेला. आणि गेलात त्या वाटेने परत यायचं नाही. चक्राकार तिकीट काढायचं. महासमुंद, टिटलागड, विजयनगरम करत विशाखापट्टणम, पुढे विजयवाडा, मग वरंगल, बल्लारशा, नागपूर आणि घर. अशा तिकिटाचं भाडं सलग लांब अंतराच्या उतरत्या दराने लागतं आणि वाटेत आठपर्यंत थांबे घेता येतात. त्यासाठी अर्ज बिलासपूरच्या विभागीय कार्यालयात जायचा. तिकीट आलं ते हाताने लिहिलेला कागद होता, त्यावर स्टेशनांची माळ. आजी ते देवापुढे ठेवून आली. अराकूच्या वाटेवर बोगदे मोजता मोजता धाकट्या भावाची बोटं संपली. बंदरात बैलाडिल्याचं लोखंड जहाजात भरतात, असं काकांनी सांगून ठेवलं होतं. वडील किनाऱ्यावर उभे राहून “आपल्या बस्तरचं आहे ते” म्हणून अनोळखी तेलुगू माणसालाही सांगत सुटले.

या सगळ्याचं काकांना काय दिलं? वडिलांनी एकदा धोतरजोडी नेली, ती काकूंनी दारातूनच परत पाठवली. काकांची वसुली वेगळी होती. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन येत आणि आम्हाला लिहायला बसवत. कोणत्या स्टेशनचं पाणी गार, कोणत्या धर्मशाळेत डास, कुठल्या खाणावळीत ताट पोटभर, रिक्षावाल्याने किती मागितले आणि किती घेतले. शाईने, तारीख घालून. पुढच्या वर्षी त्याच पानाच्या भरवशावर पाऱ्यातलं दुसरं कुटुंब निघे आणि परत येऊन खाली आपली ओळ जोडे. माझ्या ओबडधोबड अक्षरात ‘येथे इडली चांगली पण सांबार फार तिखट’ असं लिहिलेलं आहे. त्याच्याखाली कुणीतरी ‘आता तिखट नाही’ अशी दुरुस्ती केली आहे.

काका-काकू स्वतः मे महिन्यात सुट्टीवर कधीच गेले नाहीत. पास होता, पण ऐन गर्दीत बुकिंगवाल्याला रजा कोण देणार? भाद्रपद उलटला की ते जात. गाड्या मोकळ्या, धर्मशाळा मोकळ्या. खरी स्वस्ताई त्यांनाच कळली होती, आणि शाळेच्या सुट्ट्या आड आल्या म्हणून आमच्या नशिबी ती नव्हती.

काका गेले. वही काकूंनी माझ्याकडे दिली, कारण ताई बंगळुरूला आणि भाऊ जिथे जाईल तिथे विमानाने जातो. 2020 च्या मार्चमध्ये ज्येष्ठांची भाडेसवलत थांबली, तेव्हा काकूंनी रेल्वेला काकांच्या वतीने चार शब्द सुनावले होते. गेल्या माघात त्यांना राजीमच्या पुन्नी मेळ्याला जायचं होतं. गुडघे बसमध्ये चढू देत नाहीत, म्हणून मी मोठी गाडी ठरवली. मी, काकू आणि माझी लेक.

सकाळी गाडी दारात आली तेव्हा काकूंनी आत डोकावून पाहिलं.

“किती बसतात यात?”

“सात.”

“मग तिघीच काय जाऊन राहिलो बाप्पा?”

मी काही बोलायच्या आत त्यांनी काठीने वरच्या मजल्याकडे खूण केली. भिलाईहून नवीन आलेलं भाडेकरू जोडपं मुलाला घेऊन जिन्यावर तयारच उभं होतं, त्यांच्यामागे पिशवी घेतलेली पलीकडची शिक्षिका. काकूंनी आदल्या रात्रीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की डबा ज्याचा त्याने आणायचा आणि डिझेलचे साडेसहा वाटे करायचे, पोराचा अर्धा.

“अर्धा?” मी विचारलं.

“सात वर्षांचा आहे,” काकू म्हणाल्या. “रेल्वेने बंद केलं असेल. मी नाही केलं.”