कोटगढची सफरचंदे आणि आपली मुले



या सप्टेंबरात आपल्या मराठी मंडळीतले आम्ही अकरा जण हिमाचल प्रदेशातल्या कोटगढला जाऊन आलो. कृष्णपुऱ्यातली दोन कुटुंबे, दृढीकरणाच्या वर्गातली चार मुले आणि एक वयस्कर मावशी. इंदुरात ‘सेव’ म्हटले की आधी लसणाची सेव आठवते, खायचा सेव नंतर. आपल्या माळव्यात जाम पिकतो, सीताफळ पिकते. सफरचंद मात्र चोइथराम मंडीत पेटीतून उतरते तेव्हाच दिसते. ते झाडावर लागलेले पाहावे ही मुलांची हौस होती. आमच्या मनात दुसरेही एक कारण होते, ते पुढे सांगतो.

चंडीगढपर्यंत रेल्वे, मग सिमला, तिथून नारकंड्यावरून कोटगढ. सिमल्यापासून अंतर साधारण ८० किलोमीटर. दिनदर्शिकेवर आल्प्स पर्वतातल्या खेड्याचे चित्र असते ना, उतरत्या छपरांची घरे, मध्ये एक चर्च आणि चहूकडे फळबागा? तसेच हे गाव आहे. फक्त इथे देवदार आहेत, आणि खाली खोल दरीत सतलज वाहते. गारांपासून फळे वाचवायला बागांवर पांढऱ्या जाळ्या ताणलेल्या होत्या. रस्त्याच्या कडेला पेट्यांच्या थप्प्या लागल्या होत्या आणि ट्रक भरले जात होते.

इथे मिशनचे काम १८४३ पासूनचे आहे. सेंट मेरी चर्च १८७२ सालचे. लहानसे, दगडी, शांत. आम्ही तिथे बसून मराठीत एक गीत गायलो आणि प्रार्थना केली. मग थोडे वर ठाणेधारला गेलो, कारण या बागांची गोष्ट तिथून सुरू होते.

सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांचा जन्म १८८२ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका श्रीमंत क्वेकर घराण्यात झाला. १९०४ साली, विशीतच, ते सबाथूच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात सेवा करायला भारतात आले. पुढच्याच वर्षी कांगड्याचा मोठा भूकंप झाला, तेव्हा ते तिकडे मदतीला धावले. काही वर्षे त्यांनी साहेबी पोशाख सोडून साधूसारखे दिवस काढले. आपल्या मंडळ्यांत ज्यांचे नाव आदराने घेतात ते साधू सुंदरसिंग काही काळ त्यांच्याबरोबर होते. १९१२ साली स्टोक्स यांनी इथल्याच एका ख्रिस्ती कुटुंबातल्या ॲग्नेस यांच्याशी लग्न केले आणि डोंगरात जमीन घेऊन ते शेतकरी झाले.

सफरचंद या भागात त्याआधीही होते. कुल्लूच्या खोऱ्यात कॅप्टन ली यांनी १८७० च्या सुमारास विलायती जाती लावल्या होत्या. पण त्यांची फळे आंबट होती. स्टोक्स यांनी १९१६ साली अमेरिकेतून ‘रेड डेलिशस’ या गोड जातीची रोपे आणून लावली. पहिला माल बाजारात जायला १९२६ उजाडले. तोवर दहा वर्षे थांबावे लागले. पुढे त्यांनी रोपे शेजाऱ्यांना दिली, बाग कशी करायची ते शिकवले, आणि गरीब डोंगरी गावांचे दिवस बदलले. डोंगरातल्या लोकांना सरकारी अंमलदारांसाठी सक्तीने राबवणाऱ्या ‘बेगार’ पद्धतीविरुद्धही ते लढले, आणि १९२१ साली स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात गेले.

आता मनातले कारण सांगतो. दृढीकरणाच्या वर्गात आम्ही दर वर्षी मुलांना विचारतो, “तू ख्रिस्ती का आहेस?” बहुतेक उत्तर एकच येते: “आमचे आजोबा ख्रिस्ती, आईबाबा ख्रिस्ती, म्हणून मी.” यात मुलांचा काय दोष? आपणच त्यांना तसे सांगत आलो. चार पिढ्यांचे ख्रिस्ती आहोत, असे आपण अभिमानाने म्हणतो. आणि तीच मुले पुण्याला, बंगळूरला नोकरीला गेली की चर्चचा रस्ता विसरतात, तेव्हा आपण बुचकळ्यात पडतो.

कोटगढला एका बागवान दादांनी एक गोष्ट सांगितली आणि आमचे डोळे उघडले. त्यांनी सफरचंद कापले, बिया तळहातावर घेतल्या आणि मुलांना विचारले, “या पेरल्या तर काय उगवेल?” मुले म्हणाली, “सफरचंदाचे झाड.” “झाड येईल,” ते म्हणाले, “पण हे फळ येणार नाही.” प्रत्येक बीमध्ये दुसऱ्या कुठल्यातरी झाडाचा पराग मिसळलेला असतो. म्हणून बीपासून आलेले झाड आईसारखे निघत नाही. फळ बारीक, आंबट, कसेही निघू शकते. चांगले झाड हवे तर कलमच करावे लागते. हिवाळ्यात झाडे झोपलेली असताना चांगल्या झाडाची काडी घ्यायची, जंगली सफरचंदाच्या खुंटाला छेद द्यायचा, काडीलाही तसाच छेद द्यायचा, दोन्हींच्या सालीखालचा हिरवा थर एकमेकाला नीट जुळवायचा आणि घट्ट बांधायचे. जखम दोघांनाही होते. मग वाट पाहायची.

जगातली सगळी रेड डेलिशसची झाडे एकाच झाडापासून आली आहेत. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप ओळ सोडून भलत्याच जागी उगवले. त्यांनी ते कापून टाकले. ते पुन्हा फुटले. पुन्हा कापले, पुन्हा फुटले. शेवटी त्यांनी ते राहू दिले. त्या झाडाच्या काड्यांवरून कलमांची कलमे होत गेली आणि कोटगढपर्यंत पोहोचली. योहानाच्या १५ व्या अध्यायातला वेल आणि फाटे आम्ही कितीदा शिकवले असतील. त्या दिवशी ते हातात धरून पाहिले.

तेव्हा विश्वास रक्तातून उतरत नाही, हे योहान आपल्या पहिल्याच अध्यायात सांगतो. आपल्या मराठी मंडळीला याचे घरचे उदाहरण आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाईंचा त्यानंतर पाच वर्षांनी, १९०० साली. त्या पाच वर्षांत त्यांनी काय सोसले, मन कसे हळूहळू वळले, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना ठाऊक आहे. नवऱ्याचा विश्वास बायकोला आपोआप मिळाला नाही. त्यांना स्वतःला छेद सोसावा लागला, म्हणूनच त्यांचा विश्वास इतका रसरशीत राहिला.

स्टोक्स यांची गोष्ट इथे संपत नाही, आणि मुलांपासून ती लपवणे आम्हाला बरोबर वाटले नाही. १९३२ साली त्यांनी कुटुंबासह हिंदू धर्म स्वीकारला. ते सत्यानंद झाले. ठाणेधारला त्यांनी १९३७ साली बांधलेले परमज्योतिर मंदिर आजही आहे. १९४६ साली ते वारले. मुलांनी लगेच विचारले, “मग ते आपले की परके?”

आम्ही म्हणालो, ज्याने कुष्ठरोग्यांची सेवा केली, बेगारीविरुद्ध लढा दिला आणि स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसला, त्याला परका म्हणायला जीभ धजत नाही. आपल्याला वाईट वाटते, हेही खरे. पण माणसाचे अंतःकरण पाहणारा एकटा प्रभू आहे, आणि न्यायासन त्याचे आहे. आपण कृतज्ञ राहावे आणि स्वतःच्या फाट्याकडे पाहावे.

यावर मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांचा मुलगा कित्येक वर्षे चर्चमध्ये आलेला नाही, हे आम्हाला माहीत होते. संध्याकाळी त्या म्हणाल्या, “मी त्याच्यासाठी आता काय मागू? मागून मागून थकले.” तेव्हा आम्ही रोमकरांस पत्राचा ११ वा अध्याय उघडला. पौल तिथे जैतुनाच्या कलमाबद्दल लिहितो, आणि त्यात एक मजेदार गोष्ट आहे. बागवान चांगली काडी घेऊन जंगली खुंटावर लावतो. पौल उलटे सांगतो: जंगली फाटा चांगल्या झाडाला लावला गेला. हे निसर्गाच्या उलट आहे, असे तो स्वतःच कबूल करतो. कृपा अशीच उलटी चालते. आपल्यात मुळात काही गोड नव्हते. गोडी त्या मुळाची आहे. आणि २३ व्या वचनात तो पुढे सांगतो की जे फाटे तोडले गेले, त्यांनाही पुन्हा जोडायला देव समर्थ आहे.

मावशींनी ते वचन दोनदा वाचायला लावले. मग म्हणाल्या, “पुन्हा जोडायला. एवढेच मागेन.”

निघताना बागवान दादांनी अजून एक गोष्ट दाखवली. लाल सफरचंदांच्या रांगांत मध्ये मध्ये पिवळ्या ‘गोल्डन’ची झाडे होती. रेड डेलिशसला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही. जवळ दुसऱ्या जातीचे झाड लागते, आणि मधमाश्या लागतात. एकट्या झाडाला फुले खूप येतात, पण फळ नाही.

म्हणून या वर्षी आपल्या मंडळीपुढे दोन विनंत्या ठेवतो. पहिली, दृढीकरणाच्या मुलांना उत्तरे पाठ करून घेऊ नका. प्रभू तुम्हाला केव्हा, कसा भेटला, ते जेवताना त्यांना सांगा, लाजू नका. दुसरी, प्रत्येक वडीलधाऱ्याने स्वतःच्या घरातले नसलेले एक मूल निवडावे, त्याच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करावी, रविवारी उपासनेनंतर त्याची विचारपूस करावी. आणि जी मुले दूर गेली आहेत त्यांची नावे यादीतून काढू नका. लूकच्या १३ व्या अध्यायातला माळी अंजिराच्या झाडासाठी आणखी एक वर्ष मागतो. आपणही मागू.

प्रार्थना: हे प्रभू, खरा द्राक्षवेल तूच आहेस. आमच्या मुलांना आमच्या नावावर नको, तुझ्या ठायी जोड. जे फाटे सुटले आहेत त्यांना तुझ्या हातांनी पुन्हा बांध. आणि फळ यायला दहा वर्षे लागली तरी वाट पाहण्याचे बळ आम्हाला दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.