पाठवू का ग्रेडिंगला?

चंद्रपूरच्या ऊर्जानगर वसाहतीत निवृत्ती जवळ आली की क्वार्टर रिकामं करायची आवराआवर सुरू होते आणि ट्रंकेच्या तळाशी पडलेले जुने रुपये बाहेर निघतात. मी नाणी जमवतो हे ठाऊक असल्याने शेजारी ते फडक्यात बांधून माझ्याकडे येतात. पूर्वी पहिला प्रश्न ‘किती भेटतील?’ असा असे. आता विचारतात, ‘भाऊ, विकायच्या आधी ग्रेडिंगला पाठवू का?’

उत्तर नाण्यागणिक बदलतं. ग्रेडिंग म्हणजे तिऱ्हाईत जाणकाराने नाणं अस्सल की नकली ते ठरवायचं, १ ते ७० या मापावर अंक द्यायचा आणि प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करायचं. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी हे माप आखलं. ६० पासून पुढचा अंक असेल तर ते नाणं चलनात फिरलेलंच नाही. ज्या गिऱ्हाइकाला नाणं हातात घेऊन बघता येत नाही, त्याच्यासाठी ही सारी खटपट. चंद्रपूरचा रुपया बंगळूरच्या माणसाने फोटोवरून घ्यायचा, तर मनातल्या शंकेपोटी तो भाव पाडूनच मागतो. ही तूट फी, दोन्ही वेळचं कुरिअर आणि विमा यांच्या बेरजेहून मोठी असेल तरच पाठवावं. चंद्रपुरातच समोर बसून घेणारा गिऱ्हाईक असेल तर भिंगच पुरतं.

आमच्याकडचे बरेचसे राणीछाप रुपये अंगावर वागवलेले असतात. एका शेजाऱ्यांच्या आईची माळ माझ्यासमोर आहे. तिच्यातला मधला रुपया व्हिक्टोरियाचा, १८६२ सालचा. हे साल टाकसाळींनी पुढे १८७४ पर्यंत तसंच ठेवलं, म्हणून तो घरोघर सापडतो. मुकुटाच्या वर कडीला डाक दिलेला आहे आणि त्याचा करडा ओघळ मुकुटाच्या टोकापर्यंत उतरलाय. अंगाशी लागणारी बाजू लुगड्यावर घासून गुळगुळीत झाली आहे; राणीच्या चेहऱ्याच्या बाजूला मात्र केसांचे पीळ अजून सुटे सुटे दिसतात. कोणतीही ग्रेडिंग संस्था याला अस्सल म्हणेल, पण पुढे ‘डिटेल्स’ हा शेरा मारेल: नाणं खरं, पण दुखावलेलं. तो शेरा विकत घ्यायला पैसे कशाला घालवायचे? ११.६६ ग्रॅम वजनाच्या आणि जवळजवळ ९२ टक्के चांदीच्या या रुपयाला चांदीचा भाव तसाही मिळतोच. मी त्यांना कड्या न काढता माळ आख्खी ठेवायला सांगितलं. ती कुणी घातली, कुठल्या गावात घातली, हे कागदावर लिहून माळेसोबत ठेवलं तर घेणाऱ्यालाही तिचं मोल कळेल.

चिंच-मिठाने घासलेल्या रुपयांचंही तेच. न फिरलेलं नाणं दिव्याखाली तिरकं धरून फिरवलं की त्यावरचा उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा सरकतो. घासलेली चांदी नुसतीच पांढरी चमकते आणि भिंगाखाली बारीक ओरखडे दिसतात. ती झळाळी कुठल्याही डबीत घालून परत येत नाही. म्हणून काळा पडलेला रुपया तसाच आणून दाखवा, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया निघाला तर मात्र मी सरसावून बसतो. राजाच्या झग्यावरच्या साखळीत कोरलेला हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोक बिथरले आणि टाकसाळींनी बहुतेक नाणी वितळवली. १९१२ पासून सोंड नीट दिसेल असा हत्ती आला. १९११ चं नाणं चांगल्या अवस्थेत असेल तर अंकागणिक भाव चढतो आणि फी सहज निघते. पण इथे कायदा आडवा येतो. पुरावशेषांविषयीच्या १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पुरी झालेलं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि ही रेषा दरवर्षी एकेक साल पुढे सरकते. त्यामुळे १९११ च्या रुपयाची तपासणी भारतात होणार असेल तरच पाठवायचा. पार्सल अमेरिकेला जाणार असं मध्यस्थ म्हणाला तर तिथेच नकार द्यायचा.

नांगराखाली सापडलेल्या नाण्यांची गोष्ट वेगळी. जुन्या चांदा जिल्ह्यात सातवाहनांच्या पोटिन या मिश्रधातूच्या नाण्यांचा साठा मिळाला होता. पुढे हत्ती, मागे उज्जैन चिन्ह. असं काही जमिनीतून निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिवाय ती कुठल्या शेतात, कशा भांड्यात, कशासोबत सापडली, यातच त्यांचा इतिहास असतो. सुटी करून डब्यांत भरली तर तो हातचा जातो.

आणि कधी सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया निघाला, तर आधी शंका घ्यावी. १९३८ चे भरपूर, १९३९ चे अतिशय दुर्मिळ, म्हणून आठाचा नऊ करणारे कारागीर आहेत. शेवटच्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली आहे का, नऊचा पोटाकडचा बाक बाकीच्या आकड्यांशी जुळतो का, हे दहापट भिंगाखाली पाहावं. तिथे नाणं खरं वाटलं तरीही माझा शब्द पुरेसा नाही. त्याला तिऱ्हाइताची मोहर लागतेच. ते पाठवण्याआधी पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून काढावं, कारण आमच्याकडच्या मे महिन्यातल्या उन्हाळ्यात ते प्लास्टिक पाझरतं आणि नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. मग वजन करावं, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढावेत, आणि विमा उतरवूनच पार्सल द्यावं.